हनोईत एक रिकामा शनिवार: खरेदी, रस्त्यावरचं खाणं आणि मी एकटीच

मेघना_पार्ले

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटी ऑफिसच्या कामासाठी हनोईला जातेय. शुक्रवारी काम संपतं आणि परतीचं विमान रविवारी सकाळी. म्हणजे मधला अख्खा शनिवार माझा. बरोबरचे दोघं पहाटेच्या बसने हालाँग बेला निघालेत आणि मलाही ओढतायत. मला मुळीच जायचं नाही. आठवडाभर मीटिंगा करून पुन्हा बसमध्ये कोंबून घ्यायचं, बोटीवर जेवायचं, फोटो काढायचे आणि रात्री मेल्यासारखं परत यायचं, हे कुणी सांगितलंय?

मला निवांत भटकायचंय. कापड बघायचंय, रस्त्यावर काहीबाही खायचंय, कॉफी घेऊन एका जागी बसायचंय. देवळं, म्युझियमं पुढच्या वेळी.

आता अडचणी. कोंबडी, मासे, अंडी खाते, पण बीफ आणि पोर्क नाही. घासाघीस अजिबात जमत नाही, लिंकिंग रोडला अजूनही आईला पुढे करते. आणि एकटी असणार, तर रात्री नऊ-दहापर्यंत बाहेर राहिलं तर चालेल ना? यूट्यूबवर जो तो एका दिवसात दहा ठिकाणं उरकतोय. तसं नकोय. असा दिवस कुणी काढला असेल तर लिहा प्लीज.


फास्ट_लोकल

हनोईला जाऊन हालाँग बे नाही? असो, ज्याची त्याची आवड.

पण खरेदीच करायची होती तर दक्षिणेचं सायगाव (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) गाठायचं होतंत. कापडाला तान दिन्ह मार्केट, बाकी सटरफटरला बेन थान्ह. शिवाय डिसेंबर 2024 पासून बेन थान्हहून मेट्रोही सुरू झालीये. न्युएन हुए रस्त्यावर 42 नंबरची जुनी इमारत आहे, तिच्या मजल्यामजल्यावर खोल्याखोल्यांतून कॅफे थाटलेत. तिथे गॅलरीत बसून अख्खी दुपार काढता येते.


मेघना_पार्ले

अहो, तिकीट ऑफिसचं आहे, सायगावला कशी जाऊ? हनोईचं सांगा की.


फास्ट_लोकल

बरं, हनोईसकट सगळीकडे लागू पडतील अशा दोन गोष्टी. एक, तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते आणि स्कूटर येते डावीकडून. रस्ता ओलांडताना पळायचं नाही, मध्येच थबकायचं नाही, एका चालीने चालत राहायचं. स्कूटरवाले तुमचा अंदाज घेऊन बाजूने जातात. तुम्ही दचकून मागे आलात की त्यांचा अंदाज चुकतो.

दुसरं, नोटा. एका रुपयाला साधारण 300 डोंग धरा. 20 हजारांची नोट निळी आणि 5 लाखांचीही निळीच. पाकिटात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात दोन्ही सारख्याच दिसतात आणि उसाच्या रसाला 5 लाख दिले जातात. समोरचा परत करेल, न करेल.


वरणभात

मी शुद्ध शाकाहारी, त्यामुळे मेघनाताईंना माझा उपयोग अर्धाच, पण पुढे कुणी शाकाहारी हा धागा उघडेल म्हणून लिहितो.

पाटीवर सी-एच-ए-वाय अशी अक्षरं दिसली की ते शाकाहारी खाणं. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण फिश सॉस मांसात मोजत नाहीत आणि तो पालेभाजीतसुद्धा पडतो. चाय लिहिलेल्या खानावळीत मात्र सोयाबीनचा सॉस असतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक स्वतःच शाकाहार करतात, म्हणून त्या दिवशी बाजारात चाय पदार्थ जास्त दिसतात. घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पोचलात तर चंगळ आहे.

मेघनाताई, तुमच्यासाठी: बान्ह मी (तिथलं पावातलं सँडविच) घेताना 'चुंग' म्हणजे अंड्याचा मागा, पण पावाला आतून पाते फासायच्या आधीच हात आडवा करा. ते बहुधा डुकराच्या काळजाचं असतं आणि न विचारता फासतात.


सुईदोरा

मेघना, दुकान उघडायला तासभर आहे, तोवर लिहिते. माझं गिरगावात ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. कापड मंगळदास मार्केटातून येतं, त्यामुळे माझं बोलणं घसरून घसरून कापडावरच येणार, चालवून घे. लेक सिंगापूरला असते. तिच्याकडून परतताना वाटेत हनोईला एकटी उतरले होते. जावई म्हणाले, आई, गाइड करून देतो. म्हटलं नको, गाइड हातात छत्री घेऊन पुढे पळतो आणि आपण मागून.

यादी करू नकोस. तिथे रस्त्यावरच्या एकेका पदार्थाची वेळ ठरलेली असते. एक बाई एकच पदार्थ विकते आणि पातेलं रिकामं झालं की स्टुलं एकात एक घालून घरी जाते. सकाळचा पदार्थ दुपारी शोधलास तर मिळायचा नाही, दुपारचा रात्री तर नाहीच. तू फक्त त्या वेळा सांभाळ. मधल्या वेळात जे दिसेल ते बघ.

साडेसहाला बाहेर पड. शनिवार म्हणजे होआन किएम तळ्याभोवती वाहनांना बंदी असते, त्यामुळे रस्ताभर बायकांचं नाच-व्यायामाचं चाललेलं असतं. जुन्या पेठेत फुटपाथवर टोपली घेऊन सोई सेओवाली बसते. हळद घालून वाफवलेला चिकट तांदूळ, पिवळाधमक. एका हातात सोललेल्या मुगाच्या डाळीचा गोळा असतो. डाळ शिजवून, कुटून, दाबून घट्ट केलेली. दुसऱ्या हातात सुरी. ती गोळ्याच्या कडेवरून सुरी ओढते आणि डाळीचे पापुद्रे थेट भातावर पडतात, पातळ, कुठेही न मोडता. वर तळलेला कांदा. शेवटी ती एक पळी उचलते, तेव्हा हात कर, कारण ती पातळ केलेली चरबी असते आणि कोंबडीची की डुकराची हे तिला विचारायला आपल्याकडे भाषा नसते. चरबीशिवायही छान लागतं. केळीच्या पानात बांधून देतात, 20 हजार डोंगच्या आसपास, म्हणजे साठ-सत्तर रुपये. पहिल्या घासाला ते मला कोरडं वाटलं होतं. तळलेला कांदा खाली मिसळून घेतला मग जमलं.

एवढ्याने पोट भरलं नाही तर फो, म्हणजे रस्स्यातल्या तांदळाच्या शेवया. फक्त फो गा लिहिलेलं दुकान निवड, म्हणजे कोंबडीचाच. बीफ आणि कोंबडी दोन्ही विकणाऱ्याकडे पळी कुठल्या पातेल्यातून कुठे जाते कोण बघतं? सोबत लिंबाची फोड मिळते. आधी नुसता रस्सा पी, मग लिंबू पिळ. सगळे पर्यटक उलटं करतात.

आता बाजार. तुझं ते घासाघीस जमत नाही वगैरे ठीक आहे, पण सकाळी दुकान उघडल्या उघडल्या शिरून, भाव करून, रिकाम्या हाताने बाहेर पडू नकोस. आपल्याकडे भवानीचं जसं असतं तस्संच तिथे आहे, मो हांग म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक जसं, तसा दिवस. गिऱ्हाईक घोळ घालून काही न घेता गेलं तर मागे कागद पेटवून अवदसा घालवतात. दोंग सुआन मार्केटात मी हे डोळ्यांनी पाहिलं. माझ्या पुढे एक उंच गोरी बाई होती, तिने शिंपल्याच्या बटणांच्या दहा पुड्या उघडायला लावल्या, कॅल्क्युलेटरवर आकडे मागेपुढे केले आणि थँक्यू म्हणून चालू पडली. दुकानवालीने शांतपणे वर्तमानपत्राचा बोळा केला, लायटरने पेटवला, गाळ्याच्या तोंडाशी ओवाळल्यासारखा फिरवला आणि चपलेखाली विझवला. 1889 मध्ये फ्रेंचांनी बांधलेला बाजार आहे हा, 1994 मध्ये मोठ्या आगीत जळला होता. तिथेच हे! मग ती माझ्याकडे बघून हसली. आता मला बटणं घेणं भागच होतं. चांगली निघाली म्हणा, त्यातली अजून दुकानात बरणीत आहेत.

दोंग सुआन घाऊक आहे. एकच नग मागितलास तर भाव तोंडावर मारतात. आत बघण्यासारखं पुष्कळ, घेण्यासारखं थोडं. तिथून दक्षिणेला तळ्यापर्यंत सरळ रस्ता येतो, त्याची नावं मात्र दर चौकात बदलतात. जुन्या पेठेत जो माल विकायचा त्याचंच नाव गल्लीला. हांग दुओंग म्हणजे साखरेची गल्ली. आता तिथे ओ माय मिळतं: जर्दाळू, आलुबुखार आणि तिथली सौ नावाची आंबट फळं, मीठ-साखर-आलं-मिरची लावून सुकवलेली. चाखायला देतात, लाजू नकोस. ऑफिसच्या मंडळींसाठी हेच घे, चुंबकं घेऊ नकोस. जरा आडवाटेला लान ऑंग गल्ली आहे, झाडपाल्याच्या औषधांची. काही घ्यायचं नाही, नुसतं हळू चालायचं. वास!

रेशमासाठी सगळे हांग गाईला पाठवतात. दुकानं सुंदर, एसी, भाव चिकटवलेले, म्हणजे तुझ्या सोयीचं. पण डोळे उघडे ठेव. 2017 मध्ये याच रस्त्यावरच्या एका नावाजलेल्या दुकानाने चिनी माल व्हिएतनामी रेशीम म्हणून विकल्याचं उघड झालं होतं, मोठा गहजब झाला. लेबलावर जाऊ नकोस. कापडाच्या काठाचा एक धागा ओढून दे म्हणून सांग आणि दुकानाबाहेर जाळून बघ. रेशीम सावकाश जळतं, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं, टोकाला कडक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखं भुरकन जातं. जो दुकानदार धागा द्यायला कुरकुरतो, त्याला सोड.

मला स्वतःला चो होम हा बाजार जास्त आवडला. तळ्यापासून दक्षिणेला, फो हुए रस्त्यावर. ग्रॅब अ‍ॅपवरून बाइक-टॅक्सी कर, भाडं आधीच दिसतं, हेल्मेट तोच देतो. खाली भाजी-मासळी, वरच्या मजल्यावर कापड. तागेच्या तागे छतापर्यंत, मधल्या वाटेत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं. कापडवाल्या बायका ताग्यांवरच बसून जेवतात, ताग्यांवरच झोपतात. इथे भाव करावा लागतो, पण मी सांगते तसं कर: काही न बोलता कापडाला हात लाव, उलटं करून बघ, उजेडाकडे धरून वीण बघ. कळतंय हिला, असं वाटलं की पहिला आकडाच खाली येतो. तुला कळत नसलं तरी कर. मग कॅल्क्युलेटरवर तुझा आकडा टाक आणि गप्प राहा. मधे बोलायची घाई करणारा नेहमी जास्त देतो, मंगळदासलाही आणि तिथेही. जेवणाच्या वेळी, साडेबारा ते दीड, जाऊ नकोस, उठवलेलं आवडत नाही.

त्या वेळी तू जेव. दुपारी अख्ख्या पेठेत बुन चाचा धूर असतो, पण ते डुकराचं, तुला नाही चालायचं. तू चा का खा. हळद आणि कुळंजन लावलेले मासे, टेबलावरच शेगडी, तव्यात तेल आणि त्यावर ओंजळभर शेपू आणि कांद्याची पात. हो, शेपू! लहानपणी ताटातली शेपू मांजरीला घालणारी मी, तिथे दुसऱ्यांदा मागवली. शेवया, शेंगदाणे बाजूला असतात. एका वाटीत जांभळट, फसफसणारं काहीतरी येईल, ते कोळंबीचं आंबवलेलं मिश्रण. वास सोसत नसेल तर परत कर, साधा फिश सॉस देतात. हे फुटपाथवरचं खाणं नाही, तीन-चार पट महाग पडतं. एवढं एक बसून खा.

ऊन्ह उतरेपर्यंत कॉफी. न्युएन हुउ हुआन रस्त्यावर 39 नंबरला एक बोळ आहे, आत कॅफे जियांग. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा या कॅफेच्या मूळ मालकाने दुधाऐवजी अंड्याचं पिवळं फेटून कॉफीवर घातलं. कप गरम पाण्याच्या वाटीत बुडवून देतात, गार होऊ नये म्हणून. चमच्याने वरचं खा, मग खालची कडू कॉफी. दुसरा कप मागवू नकोस, जड पडतं. मी तिथे बसून पोस्टकार्डं लिहिली. शेजारच्या पोरांनी फोनवरून मान वर केली नाही, मीही त्यांना त्रास दिला नाही.

रात्रीचा बाजार (शुक्र ते रवि भरतो, हांग दाओ गल्लीपासून उत्तरेला) बघायला छान आहे. तिथलं कापड मात्र घेऊ नकोस, एका धुण्यात जाईल. गर्दीत बॅग पुढे, फोन आत. एकटीने फिरायला मला कुठे अवघड वाटलं नाही, रात्री दहापर्यंत लहान पोरं खेळत होती. शेवटी चांग तिएन रस्त्यावर 35 नंबरचं आइस्क्रीम. 1958 पासूनचं दुकान आहे. कोम चव माग. कोम म्हणजे कोवळ्या भाताचे हिरवे पोहे. तू जातेयस तो त्यांचाच हंगाम, सकाळी कमळाच्या पानात बांधलेलेही मिळतील. उभ्यानेच खायचं, बसायला जागा शोधू नकोस.

गेले, पहिली बाई आली ट्रायलला.


वरणभात

सुईदोराताई, ती मुगडाळवाली चरबी वगळून शाकाहारी होते हे मला तिथे असताना का नाही कुणी सांगितलं! मी सकाळी-सकाळी हॉटेलात टोस्ट चावत बसायचो.


मेघना_पार्ले

सुईदोराताई, काय लिहिलंत! हालाँगवाल्यांना आजच नाही सांगून टाकलं. ओ मायचं वाचून तोंडाला पाणी सुटलंय.

दोन शंका. एक म्हणजे चो होमला कुर्त्याचं कापड किती घ्यायचं? तिथे मीटरचाच हिशेब असतो का? आणि हांग गाईला आओ दायचे (तिथल्या बायकांच्या लांब पारंपरिक झग्याचे) पीस मिळतात म्हणे, त्याचा कुर्ता होईल का? दुसरं, चा का संपवून कॉफीपर्यंत तीन तास उरतात. हॉटेलवर जाऊन झोपू का?


फास्ट_लोकल

झोपा खुशाल. तिथलेही झोपतात.

मी तोवर मागे येऊन एक कबूल करतो, चा का सायगावात तेवढं चांगलं मिळत नाही.


सुईदोरा

झोप नको, झोपलीस तर पाचलाच उठशील. हांग गाईवरून तो तिक नावाची गल्ली फुटते. तिथे फळांचे तुकडे, बर्फ आणि कंडेन्स्ड मिल्क पेल्यात घालून देतात. बुटकं स्टूल पकड आणि बस. गुडघे छातीला लागतात, पण सवय होते. आंबा-फणस आपल्याला नवीन नाही, त्यामुळे ड्रॅगन फ्रूट जास्त घालायला सांग. त्याच्या पलीकडे हांग थिएक, पत्र्याच्या कामाची गल्ली, अजून हातोड्याने ठोकत बसलेले असतात. कान दुखले की समज कॉफीची वेळ झाली.

कापडाचं: मीटरच असतो, पण पन्हा विचारायला विसरू नकोस. सगळे लांबी विचारतात, पन्हा कुणी विचारत नाही आणि मग माझ्याकडे येऊन म्हणतात, ताई, बाह्या बसवा ना कशातरी. पन्हा 44-45 इंच असेल तर पूर्ण बाह्यांच्या कुर्त्याला अडीच मीटर, 36 असेल तर तीन. पर्समध्ये इंचटेप ठेव, तिथल्या बायकांना त्याचं फार कौतुक वाटतं. आओ दायचा पीस कापलेलाच येतो. नक्षी समोरच्या लांब पट्ट्यावर नेमकी पडेल अशी छापलेली किंवा भरलेली असते. त्याचा कुर्ता करायला गेलं तर फुलं पोटावर नाहीतर गुडघ्यावर येतात. आवडलाच तर सरळ कुर्ता, बाजूची चीर वरपर्यंत, घेर अजिबात नाही, एवढंच त्यातून होईल. रेशीम असेल तर आस्तराचं कापड तिथून आणू नकोस, इथे चांगलं सुती मिळतं.

आणि शिवायला माझ्याकडेच येणार असशील तर तुळशीच्या लग्नाआधी टाक. एकदा लग्नसराई सुरू झाली की मी जानेवारीची तारीख देते, मग रुसायचं नाही.